शेंगांच्या पुडीतलं शेवटचं वाक्य

सर्जापूर रोडवर आमच्या इमारतीच्या फाटकाशी आज शेंगांची हातगाडी लागली. गरम वाळूत शेंगा परतायचा आवाज आठव्या मजल्यापर्यंत येत नाही, वास मात्र येतो. माझी मीटिंग चालू होती आणि कुणीतरी पुढच्या तिमाहीबद्दल फार गंभीरपणे बोलत होतं. मी कॅमेरा बंद केला आणि खाली गेले. गाडीवाल्याने शेंगा प्लास्टिकच्या पिशवीत ओतल्या. "कागद इल्वा?" मी विचारलं. कागद नाही, म्हणाला, आणि हसला. कागदाचं काय एवढं, असं ते हसू होतं.

त्याला काय सांगणार? एका कार्तिकात मी कागदातून शेंगा खाल्ल्या आणि अजून त्याच कार्तिकात आहे.

बेंगळुरूचा कार्तिक मला सगळ्या महिन्यांत जास्त आवडतो. पाऊस कंटाळून गेलेला असतो, सकाळी तळ्यांवर धुकं असतं, आणि दुपारचं ऊन मात्र मांडीवर घेऊन बसावं इतकं मऊ. आमचे बाबा मूळचे नाशिकचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आले आणि इथल्या थंडीला थंडी म्हणायला अजून तयार नाहीत, पण स्वेटर घालूनच तसं म्हणतात. याच दिवसांत आसपासच्या जिल्ह्यांतल्या शेंगा निघतात आणि बसवनगुडीत जत्रा भरते, कडलेकाई परिषे. कडलेकाई म्हणजे शेंगा. टेकडीवरच्या देवळात काळ्या दगडाचा प्रचंड बसव, म्हणजे नंदी, बसलेला आहे. असं सांगतात की, पूर्वी रोज कुठलासा बैल शेतातल्या शेंगा खाऊन जायचा. शेतकरी चिडून मागे धावले, तर बैलाचा दगड झालेला. तेव्हापासून नव्या पिकाच्या शेंगा आधी त्याला. मारायला धावलेल्या माणसांनी शेवटी चोरालाच जेवायला घातलं, हे मला त्या कथेतलं फार आवडतं.

जत्रेचे दिवस आले की देवळापुढच्या रस्त्यावर दोन्हीकडे शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, लहान लाल, मोठ्या फिकट. पायाखाली टरफलांचा गालिचा होतो आणि त्यावरून चालताना सगळं शहर कुरकुरतं. आयटीवाली पोरं, नऊवारीतल्या आज्या, ट्रॅफिक पोलीस, सगळ्यांचे गाल फुगलेले. तोंडात शेंगा असल्या की कुणी कुणाला हिंदी, कन्नड, मराठी असलं काही विचारत नाही.

माझ्या लहानपणी घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आई नाशिकला असताना कामगार संघटनेचं काम करायची. बेंगळुरूला येताना तिने भांडी कमी आणली आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. गुलाबी, पिवळी, हिरवी. मी त्यांच्या होड्या केल्या, त्यांच्यावर चित्रं काढली, आणि अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. मी पहिलं वाचलेलं जोडाक्षर 'क्र' होतं आणि ते 'आक्रोश'मधलं होतं. त्यामुळे जगातली कुठलीही चूक एका कागदाच्या दोन बाजूंत दुरुस्त होऊ शकते, असं मला मनापासून वाटत आलं आहे. अजूनही वाटतं. हल्ली फक्त तो कागद कसा घडी घालायचा, याबद्दल माझं मत बदललं आहे.

ते बदललं चंद्रक्कामुळे.

कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर जत्रेला गेले होते. रत्नम्मा नावाच्या एका बाईकडून पुडीभर भाजलेल्या शेंगा घेतल्या. पुडीच्या बाहेरच्या बाजूला कन्नड छापलेलं होतं. खात खात तळाशी आले, शेवटचा दाणा काढायला पुडी उलगडली, आणि आत मराठी! बेंगळुरूच्या भर रस्त्यात, शेंगांच्या पुडीत, माझ्या घरातली भाषा बसली होती. मी खालून वर असं उलटं वाचलं. बसवनगुडीजवळच्या एका जुन्या विहिरीबद्दल होतं. मी धावत परत गेले. "हे कुणी लिहिलं?" रत्नम्माने मागे हनुवटी केली. तिच्या पोत्यांना टेकून स्टुलावर एक उंच, सावळी बाई बसली होती. चष्मा कपाळावर, मांडीवर कागदांचा गठ्ठा, आणि हात थांबत नव्हते. कागद, वळसा, दुमड, पुडी.

"शेवटचं वाक्य वाचलंस का?" तिने न बघता विचारलं.

"आधी तेच वाचलं."

"सरी, बरं. मग तू चुकीच्या टोकाकडनं खाल्लीस."

चंद्रक्का कन्नड शाळेत इतिहास शिकवायची. तिचं घराणं सतराव्या शतकात मराठी लष्कराबरोबर इकडे आलेलं. इतक्या पिढ्यांत त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलं की वेगळं काढायला गेलात तर दोन्ही फाटतील. पुण्यामुंबईचं मराठी ऐकून ती म्हणायची, "तुमचं मराठी इस्त्रीचं. आमचं अंगावर वाळलेलं." निवृत्त व्हायच्या आधीपासून ती दर जत्रेला एक पत्रक काढत आली होती. या भागातली एखादी पेठ, एखादं तळं, एखादा धंदा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घ्यायची आणि गठ्ठे रत्नम्माला द्यायची. शेंगांना टरफल असतं, शाईची भीती नाही. तिची लिहायची पद्धतच निराळी होती. आधी कोऱ्या कागदाची पुडी वळायची, तिच्यावर पेन्सिलीने खुणा करायची, मग पुडी उलगडून खुणांबरहुकूम लिहायचं. कन्नड बाहेर, रस्त्याकडे. मराठी आत. आणि मराठीतलं शेवटचं वाक्य नेमकं टोकात पडलं पाहिजे, म्हणजे शेंगा संपवल्याशिवाय इतिहास संपत नाही.

"लोक फेकून देतात की," मी म्हटलं होतं.

"वर्गातपण फेकतातच. पण इथं निदान शेंगा खातात."

आणि आता सांगते ती गोष्ट त्याच्या पुढच्या कार्तिकातली.

जत्रेच्या आधी मी रोज संध्याकाळी बसवनगुडीत चंद्रक्काच्या घरी पुड्यांचा सराव करायला जायचे. माझ्या पुड्यांची टोकं उघडी राहायची आणि दाणे गळायचे. "पत्रकवाले," ती मला म्हणायची, "तुझ्या पुडीतनं सगळं सांडतंय. क्रांतीपण अशीच करणार काय?" अशा एका संध्याकाळी रामोजीराव आले. इथल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात केळ्यांचा घड. माणूस गोड होता, हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं.

"अक्का, मंडळानं ठरवलंय," ते म्हणाले. "तुमच्या सगळ्या पत्रकांचं पुस्तक काढायचं. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. सत्कारपण करायचा."

चंद्रक्काचे हात थांबले. मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.

"फकत," रामोजीरावांनी एक केळं तोडून तिच्यापुढे ठेवलं, "स्वल्प बदल करायचा. आपल्या घराण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ना, घोड्यांचे मोतद्दार, तंबू शिवणारे, पाणके... ते जरा बरं दिसत नाही. मोतद्दाराच्या जागी 'अश्वदळाचे अधिकारी' घाला. तंबूवाल्यांच्या जागी 'छावणीप्रमुख'."

"आणि पाणके, अण्णा?"

रामोजीराव विचारात पडले. "जलव्यवस्थापक?"

चंद्रक्का इतकी हसली की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. मी हसले नाही. मी पेटले होते. ते गेल्या गेल्या मी तिथेच बसून 'जाहीर निषेध' लिहायला घेतला. सगळेच सरदार होते तर घोड्यांना दाणा कुणी घातला? सगळेच तंबूत झोपले होते तर तंबू ठोकला कुणी? चाकरी करणाऱ्या हातांची लाज बाळगणारा समाज... असं बरंच. आजही त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. ज्याने घोड्याला खरारा केला त्याचंच नाव इतिहासातून पुसायचं, ही चोरी आहे, आणि ती आपल्याच आजोबांच्या घरी केलेली चोरी आहे.

चंद्रक्काने तो कागद घेतला आणि लाल पेनाने तपासला. शिक्षिकाच ती. "छान लिहिलंस. पण यात एकपण प्रश्न नाही बघ. 'दाणा कुणी घातला' म्हणतेस, तो प्रश्न नव्हे, ते भांडण. खरा प्रश्न म्हणजे उत्तर आपल्याला ठाऊक नसतं तो."

"म्हणजे तुम्ही अधिकारी घालणार?"

"नाही गं." ती उठून खिडकीशी गेली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात कार्तिकाचे दिवे लागत होते. "पण मला पुस्तक हवं होतं. पत्रक उभं राहत नाही बघ. कुठंही ठेव, आडवंच पडतं. पुस्तक कपाटात उभं राहतं. शाळेत एवढी वर्षं मी दुसऱ्यांची उभी पुस्तकं शिकवली. आपलं एक उभं राहावं असं वाटतंच की." मग वळून म्हणाली, "तुला काय, दुसऱ्याचं पुस्तक नाकारायला सोपं असतं."

ती रागावलेली नव्हती. तिने रामोजीरावांनी ठेवलेलं केळं सोललं आणि अर्धं मला दिलं.

मग तिने मला देव्हाऱ्याशी नेलं आणि तिच्या घरची गोष्ट सांगितली. इथल्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला पूर्वजांची हत्यारं पुजतात. चंद्रक्काच्या घरी लोखंडाचा एक चौकोनी तुकडा होता. पणजोबांच्या ढालीचा, असं वडील सांगायचे. दरवर्षी त्याच्यावर गंध, कुंकू, हळद. पिढ्यान् पिढ्यांचे थर. धुवायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पूजेची वस्तू कोण खरवडतं? शाळेत नोकरीला लागल्यावर एकदा तिने तो कोमट पाण्यात भिजत घातला. थर सुटले, आणि खालून दात निघाले. ओळीने बारीक दात. ती ढाल नव्हती. तो खरारा होता, घोड्याच्या अंगावरून फिरवायचा.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वडलांना वाटलं. चार दिवस बोलले नाहीत. मला काय झालं सांगू? मी तो हातात धरला तर मूठ बसली. बरोब्बर. ढाल असती तर मी काय करणार होते तिचं? पण हे कुणीतरी रोज वापरलेलं. घोड्यानं मान कशी वाकडी केली असेल, ते पण दिसलं मला."

त्या रात्री मी निषेध फाडला नाही, पण बाजूला ठेवला. दोन दिवसांनी चंद्रक्काने त्या वर्षीचं पत्रक लिहिलं. बाहेरच्या बाजूला कन्नडमध्ये शेंगेचाच इतिहास होता. शेंगदाणा इथला नव्हेच, समुद्रापलीकडून आलेला परका. आज त्याची इथे जत्रा भरते आणि नंदीला तो आपलाच वाटतो. आतल्या बाजूला मराठीत खराऱ्याची गोष्ट, तिच्या वडिलांच्या अबोल्यासकट. आणि टोकात हे वाक्य: 'तुमच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचं जे काही आहे ते एकदा कोमट पाण्यात भिजवा आणि काय दिसलं ते मला येऊन सांगा.'

"हा गृहपाठ झाला," मी म्हटलं.

"मग? आयुष्यभर दुसरं काय दिलं मी?"

कार्तिकातला शेवटचा सोमवार, जत्रेचा मुख्य दिवस उजाडला. रत्नम्मा पहाटेच पोती घेऊन आली होती. तिला वाचता येत होतं ते कन्नड, त्यामुळे ती बाहेरची बाजू मोठ्याने वाचूनच गिऱ्हाईक बोलवायची. "बन्नी, बन्नी! शेंग परदेशची, चव इथली!" ही ओळ पत्रकात नव्हती, तिची स्वतःची होती. चंद्रक्का म्हणाली, पुढच्या आवृत्तीत घेऊ. माझ्या पुड्यांची टोकं आता बंद राहत होती. आमच्याभोवती तो सगळा आनंदाचा गोंगाट होता. पिपाण्या, फुगे, उसाचा रस, देवळाची घंटा, आणि सगळ्यांच्या खाली टरफलांचा तो एकसारखा कुरकुर आवाज.

दुपारी गर्दीत पांढरा शर्ट दिसला. रामोजीराव बसवाचं दर्शन घेऊन येत होते. मी उठले. माझ्या पिशवीत निषेधाची प्रत होती. खोटं कशाला सांगू, पत्रकवाल्यांच्या पिशवीत ती असतेच. चंद्रक्काने माझ्या तळहातावर मूठभर शेंगा ठेवल्या. "तोंडात घाल. दात कामात असले की माणूस बरं बोलतं."

रामोजीरावांनी रत्नम्माकडून दोन मापं घेतली. पुडी कुणाच्या कागदाची आहे हे त्यांना माहीत होतं. दरवर्षी ते घ्यायचेच. आमच्याकडे बघून जरा ओशाळं हसले, हात जोडले आणि खात खात चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. रस्त्याच्या वळणावर, ऊसवाल्याच्या शेजारी, ते थांबले. पुडी उलगडली. चष्मा लावला. गर्दी त्यांना दोन्हीकडून ढकलत होती, आणि ते वाचत होते. मग त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि एकदाही मागे न बघता गेले.

"रागावले," मी म्हटलं.

"किंवा घरी कोमट पाणी आहे का बघायला गेले," चंद्रक्का म्हणाली. पण तिची पुडी पहिल्यांदाच सैल वळली गेली, हे मी पाहिलं.

जत्रा उठायच्या दिवशी, उन्हं उतरताना, रामोजीराव आले. शर्ट तोच, कपाळाला गंध नव्हतं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ते रत्नम्माच्या रिकाम्या पोत्यावरच बसले आणि टॉवेल उघडला.

"आमच्या घरी भाल्याचं टोक पुजतात," ते म्हणाले. "माझ्या मुंजीत वडलांनी दाखवलं होतं. हे आपलं शौर्य, म्हणाले होते." त्यांनी ती वस्तू उचलली. वीतभर लांबीची, टोकदार, जरा वाकलेली लोखंडी सळई. अजून खोबणीत थोडं कुंकू होतं. "भिजवलं, अक्का. बायको ओरडत होती, तरी भिजवलं. थर निघाले." त्यांनी ती उन्हापुढे धरली. जाड टोकाला भोक होतं, आणि भोकातून नंदीच्या टेकडीवरचं आभाळ दिसत होतं.

"भाल्याला नेढं कशाला असेल?" रामोजीरावांनी विचारलं. आणि हा खरा प्रश्न होता. उत्तराचा अंदाज त्यांना होता, पण मोठ्याने ऐकल्याशिवाय ते माहीत नव्हतं.

"दाभण आहे, अण्णा," चंद्रक्का हळू म्हणाली. "तंबूचं कापड शिवायचं."

"म्हणजे आम्ही छावणीप्रमुख नव्हे."

"छावणी तुमच्याशिवाय उभीच राहिली नसती."

माझ्या पिशवीतला निषेध मी तिथेच विसरले. मला काय वाटलं ते सांगायला शब्द शोधते आहे, आणि सापडतो तो साधाच आहे: आनंद. जिंकल्याचा नव्हे. कुणी हरलंच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या देव्हाऱ्यात वेषांतर करून बसलेला एक शिंपी उन्हात बाहेर आला होता, आणि त्याचा खापरपणतू त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"मंडळातले बाकीचे ऐकायचे नाहीत," रामोजीराव म्हणाले. "मी सांगून बघितलं. पुस्तक होत नाही, अक्का. पाहिजे तर मी अध्यक्षपद..."

"अण्णा, टोक आहे का अजून त्याला?"

"आहे की."

"मग बघूया चालवून."

चंद्रक्का दरवर्षी जुन्या पत्रकांचा एक पूर्ण संच जत्रेला आणायची, कुणी मागितला तर दाखवायला. तो तिने पिशवीतून काढला. रत्नम्माने पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडून दिली. गठ्ठा मी दोन्ही हातांनी दाबून धरला. रामोजीरावांनी नेढ्यात सुतळी ओवली. ओवताना जीभ दातांत धरली होती, लहान मुलासारखी. आणि देव्हाऱ्यातलं ते लोखंड कुणास ठाऊक किती पिढ्यांनी पुन्हा कामाला लागलं. कागदातून जाताना दर वेळी 'चर्र' असा आवाज यायचा आणि दर वेळी ते आमच्याकडे बघायचे. टाके एक वर, एक खाली, एक भलतीकडेच.

चंद्रक्काने ती शिवण शिक्षिकेच्या नजरेने तपासली. "अण्णा, तुमच्या पूर्वजांनी तंबू असा शिवला असता तर सगळं लष्कर भिजलं असतं."

रामोजीराव हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रत्नम्माला मी अर्धवट कन्नडमध्ये विनोद समजावला, तर तीही हसली, आणि शेजारचा ऊसवालाही, त्याला काहीच कळलेलं नसताना.

मग चंद्रक्काने तो गठ्ठा शेंगांच्या ढिगाजवळ उभा धरला आणि हात काढला. पडला. पुन्हा धरला. रत्नम्माने आपलं पितळी माप पुढे सरकवलं. त्याला टेकून तो उभा राहिला. जरा वाकडा, पण उभा. चंद्रक्का त्याच्याकडे बघत बसली. जत्रा उठत होती, माणसं ढीग झाडत होती, आणि ती बघतच होती. शेवटी म्हणाली, "सरी," आणि चष्मा पुसायला घेतला.

तेव्हापासून दर कार्तिकात रामोजीराव रत्नम्माच्या शेजारी दाभण घेऊन बसतात. देव्हाऱ्यातलं काय निघालं ते जो येऊन सांगेल त्याला पुस्तक शिवून मिळतं. कुणाच्या घरी नालाचा खिळा निघतो, कुणाकडे मोठ्या पळीचा दांडा. एकीच्या घरी खरोखरच तलवार निघाली, तर ती बिचारी इतकी ओशाळून सांगत होती की चंद्रक्काला तिची समजूत काढावी लागली. "आमचे वाडवडील तंबू शिवायचे!" असं रामोजीराव आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि त्यांचा आवाज सरदारांच्या वेळी होता त्याहून मोठा आहे. टाके अजून सुधारलेले नाहीत.

आईला मी ते पुस्तक दाखवलं तेव्हा तिने आधी वास घेतला. कागद, सुतळी, शेंगा. मग तिने आपले जुने गठ्ठे माळ्यावरून खाली काढले आणि विचारलं, "दाभण जास्त जाडीचं शिवतं का गं?"

गाडीवरून आणलेल्या शेंगा मी वर घेऊन आले. कपाटात सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांमध्ये सुतळीचं एक पुस्तक उभं आहे. मी मुद्दाम त्याच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवली आहे, टेकू न देता किती दिवस राहतं बघायला. वाकलंय, पण उभं आहे. पिशवीतली पहिली शेंग फोडली, तेवढ्यात फोन वाजला.

"पत्रकवाले," चंद्रक्काचा आवाज. मागे झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं. "माल आला रत्नम्माचा. या वर्षी लोक फार येणार असं दिसतंय. अण्णा विचारतायत, येताना सुतळीचा मोठा गुंडा आणशील काय?"